दोनशे चौदा आत, बाहेर शून्य

भार्गवचं हल्लीचं वागणं जयवंतीबाईंच्या डोक्यात जात होतं. एकेचाळीस वर्षांचा बाप्या, पण तीन आठवडे स्वतःच्या घरात भाडेकरूसारखा राहत होता. ताटातला बांगडा गार होऊन जायचा आणि याची नजर पडद्यावर. काही विचारलं की "हं", आणि पुन्हा विचारलं की "तुला नाही कळायचं, आई."

जयवंतीबाईंनी दुसरीत शाळा सोडली होती हे खरं. पण तीस वर्षं त्यांनी बंदरावर माशांचा लिलाव पुकारला होता. शंभर माणसांच्या गलक्यात कोण काय बोललं ते त्यांच्या कानांतून सुटत नसे. आपल्याला न कळणारी गोष्ट अजून जन्माला यायची आहे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

भार्गव सॉफ्टवेअर इंजिनिअर होता आणि त्याच्या जिवाला घोर लागला होता तो भरतीदाराचा. समुद्राची पातळी वाढल्यापासून तांबळवाडीभोवती उंच भिंत होती आणि भिंतीला एकच पोलादी दार. मोठं उधाण आलं की ते आपोआप बंद होई. बंद होण्याआधी वाडीतली सगळी, म्हणजे दोनशे चौदा माणसं आत आहेत ना, हे मोजायचं काम 'राखणदार' नावाच्या प्रोग्रॅमकडे होतं (प्रोग्रॅम म्हणजे यंत्राने काय, कधी आणि कसं करायचं हे सांगणारी लेखी आज्ञावली). तो भार्गवने लिहिला होता आणि बसवल्या दिवसापासून तो चुकत होता. बायका खडकांवर असताना "सगळे आत" म्हणून मोकळा व्हायचा. दारावर जुना पहारेकरी होता म्हणून निभावलं.

पुण्याच्या ऑफिसने मुदत दिली होती. चूक सापडली नाही, तर प्रोग्रॅम दुरुस्त करणारा एक नवा प्रोग्रॅम भार्गवच्या जागी काम करणार होता. तो पगार मागत नाही आणि जेवायलाही उठत नाही. भार्गवने घाबरत घाबरत काहीबाही बदललं, दाराशी जाऊन दहा वेळा "मी बाहेर जात आहे" आणि दहा वेळा "मी आत येत आहे" म्हणून पाहिलं. राखणदाराने वीसही वेळा बरोबर ओळखलं. मग काल त्याने पुण्याला कळवलं, दुरुस्त झालं. पुण्याने पहारेकऱ्याला सुट्टी दिली. आणि आज वर्षातलं सगळ्यांत मोठं उधाण होतं.

दुपारचे पावणेचार होत आले होते. दहा वर्षांची उर्वी बाबांच्या खुर्चीमागे उभी राहून विचारत होती, की राखणदाराला डोळे नाहीत तर तो माणसं मोजतो कशी? भार्गव "हं" म्हणाला. तेव्हा जयवंतीबाई आल्या आणि पडद्याला पाठ लावून टेबलावरच बसल्या.

"पोरगी काहीतरी विचारतेय. सांग तिला. मीही ऐकते."

सांगितल्याशिवाय पडदा दिसणार नव्हता, म्हणून भार्गवने सांगितलं. खाऱ्या हवेत कॅमेऱ्याच्या काचा महिनाभरात आंधळ्या होतात. म्हणून दाराला कान बसवले आहेत, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. दारातून जाता-येता प्रत्येकाने काहीतरी बोलायचं. राखणदार आवाजाच्या ठशावरून माणूस ओळखतो (अंगठ्यासारखाच प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो) आणि बोलण्याच्या अर्थावरून ते माणूस आत आलं की बाहेर गेलं ते लिहून ठेवतो.

"पण अर्थ त्याला कोणी शिकवला?" उर्वीने विचारलं.

"उदाहरणांनी. तू लहानपणी शिकलीस तसंच. त्याला दोन लाख मराठी वाक्यं दिली. अशा उदाहरणांच्या साठ्याला विदा म्हणतात. वाक्यं वाचून वाचून यंत्र स्वतःच ठरवतं, कुठल्या शब्दाचा अर्थ काय. जे विदेत आहे तेवढंच त्याचं जग."

इतक्यात टेबलावरच्या पेटीतून राखणदाराचा गोड आवाज आला. "दोनशे चौदा आत, बाहेर शून्य. भरतीदार चौदा मिनिटांत बंद होईल."

"शून्य कसं?" जयवंतीबाई म्हणाल्या. "शेवंता तीन सुनांना घेऊन खडकांवर कालवं काढायला गेली आहे. जेवण झाल्यावर माझ्यासमोरून गेली. परत आलेली मी पाहिली नाही."

भार्गवने त्यांना पडद्यासमोरून बाजूला केलं. त्याने शेवंताचं नाव काढलं. राखणदाराने लिहिलं होतं: एक वाजून बारा मिनिटं, आत. त्याने तेव्हाचा आवाज लावला. लाटांची गाज, बांगड्यांचा किणकिणाट आणि मग शेवंताचा ठसकेबाज आवाज: "येते रे राखणदारा!"

जयवंतीबाई अगदी हळू म्हणाल्या, "कुठली बाई घरातून निघताना जाते म्हणते, भार्गव?"

उर्वीला एकदम लख्ख कळलं. वाडीतली मोठी माणसं निघताना 'जाते' असं अशुभ बोलत नाहीत. परत यायचं आहे म्हणून 'येते' म्हणतात. राखणदाराने मात्र शब्दाला शब्द धरला होता. येते, म्हणजे आत.

"त्या दोन लाखांत हे वाक्य नव्हतं?" तिने विचारलं.

नव्हतं. ती सगळी वाक्यं बातम्यांमधली आणि वेळापत्रकांमधली होती. गाडी येते, मंत्री जातात. उंबऱ्यावरचं बोलणं कोण कुठे लिहून ठेवतं? आणि भार्गव स्वतः दारातून जाताना इंजिनिअरांचं कार्ड दाखवून मुक्याने जायचा.

"मग येते म्हणजे बाहेर, असं बदलून टाका ना."

"तसं केलं तर बाहेरून 'येते गं' करत आत शिरणारी बाई बाहेर मोजली जाईल," भार्गव म्हणाला.

उर्वी पडद्यावरच्या दाराच्या चित्राकडे बघत राहिली. मग तिने बोट ठेवलं. "कान दोन आहेत ना, बाबा? आतल्या कानाशी येते म्हटलं तर ती निघाली. बाहेरच्या कानाशी म्हटलं तर ती आली. शब्द तोच, पण कुठे उभं राहून बोलली ते बघायचं."

भार्गवने तिच्याकडे पाहिलं. यालाच संदर्भ म्हणतात (शब्दाच्या आजूबाजूची परिस्थिती, जिच्यावरून त्याचा खरा अर्थ ठरतो). शब्द समजला आणि संदर्भ नाही समजला, तर काहीच समजलं नाही.

पण ते राखणदाराला शिकवायला दोन तास लागले असते आणि उरली होती नऊ मिनिटं. पाणी उंबऱ्याला चार वीसला लागणार होतं. तोवर दार रोखून धरता येत होतं. रोखलं की बाहेरच्यांना बोलावणारा भोंगाही वाजला असता. त्यासाठी मात्र पुण्याला लेखी कारण द्यायचं, स्वतःच्या नावानिशी. भार्गवची बोटं अक्षरांवर थांबली.

"काल मी दुरुस्त झालं म्हणून कळवलंय, आई. आज हे लिहिलं तर नोकरी गेली. मी धावत जाऊन बोलावून आणतो त्यांना."

"खडक वीस मिनिटांवर आहेत," जयवंतीबाई म्हणाल्या. त्या नुसत्या त्याच्या बोटांकडे बघत राहिल्या.

भार्गवने लिहिलं: मोजणी चूक आहे. कालचं माझं कळवणंही चूक होतं. चौघी बाहेर आहेत. दार रोखत आहे. खाली नाव घातलं आणि कळ दाबली.

भोंगा वाजायला लागला. तिघंही दाराकडे पळाली. समुद्र राखाडी होऊन फुगत होता. चार वाजले, चार वाजून पाच झाले, खडकांवर काही हलत नव्हतं. मग फेसातून चार डोकी दिसली. पाणी गुडघ्यांवर आलेलं, टोपल्या डोक्यावर. शेवंता सर्वांत मागे होती आणि धाकट्या सुनेला पुढे ढकलत होती. चौथी बाई उंबरा ओलांडून आली तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती. दार मिटायला सहा मिनिटं लागली. ते मिटलं आणि पलीकडून पहिली लाट धाडकन आपटली.

शेवंताने आधी टोपलीतली कालवं सांडली नाहीत ना ते पाहिलं आणि मग ती मटकन खाली बसली.

पुण्याहून फोन आला तेव्हा भार्गव ओल्या पायरीवरच होता. वरिष्ठ दामलेबाईंनी त्याला कालच्या पत्राबद्दल चांगलंच सुनावलं. मग सांगितलं, की तो नवा प्रोग्रॅम दुपारभर राखणदाराला तपासत होता आणि चूक नाही असंच म्हणत होता. तोही त्याच दोन लाख वाक्यांवर शिकलेला. दोघांनाही तीच गोष्ट माहीत नव्हती, तर दुसरा पहिल्याची चूक काढणार कशी? भार्गवला नोकरीत आणखी सहा महिने मिळाले. पहारेकरी उद्यापासून परत येणार होता. किनाऱ्यावरच्या बाकीच्या अकरा वाड्यांनाही अशी दारं बसायची होती आणि प्रत्येक वाडीची बोली निराळी. ते बोलणं गोळा करायचं काम आता भार्गवचं.

उर्वीने लगेच विचारलं, "कोणी 'जाऊन येते' म्हणालं तर, बाबा? त्यात दोन्ही आहे." भार्गव कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, घरी बसून अशा सगळ्या वाक्यांची यादी करून टाकतो, आठवड्याभरात होईल.

शेवंताच्या पाठीवरून पदर फिरवता फिरवता जयवंतीबाई थांबल्या.

"त्या यंत्राला माफ," त्या म्हणाल्या. "ते परमुलखातून आलंय. तू याच उंबऱ्यावर रांगलास, तुला माफी नाही. नावानिशी लिहिलंस म्हणून आज जेवायला वाढीन. उद्या सकाळी सातला स्टूल घेऊन दारात बसायचं, आणि पहिली यादी या शेवंताला विचारून करायची."