भुंगेरेमास्तरांचं पुस्तक

सकाळी पहारेकऱ्याने संग्रहालय उघडलं, तेव्हा भुंगेरेमास्तर माळ्याच्या जिन्याखाली मरून पडलेले होते. कीटक विभागाचे ते प्रमुख. उभी हयात लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमागे गेली, म्हणून हे नाव. जिन्याची वरची पायरी मधोमध मोडली होती.

“ज्यांच्यावर जीव लावला, त्यांनीच जीव घेतला,” त्यांचा सहायक म्हणाला. “भुंगेऱ्यांनी पायरी पोखरली होती, साहेब.”

इन्स्पेक्टर गुडघ्यांवर बसला. बाप सुतार, त्यामुळे त्याला माणसांआधी लाकूड कळायचं. पायरी जुन्या, काळसर, पिकल्या लाकडाची होती. मोडलेल्या कडेवर भोकं उघडी पडली होती, एका ओळीत. त्याने जिन्याखालच्या फरशीवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ राहिलं. माळ्यावर कोण कोण जातं, एवढंच त्याने विचारलं. मास्तरांखेरीज कुणी नाही, असं पहारेकरी म्हणाला.

दुपारी मास्तरांची मुलगी ठाण्यात आली. तिचं रडून झालं होतं. बाबांनी वीस वर्षं खपून भुंगेऱ्यांवर पुस्तक लिहिलं, ते हस्तलिखित ना घरी आहे ना कचेरीत, असं तिने सांगितलं. इन्स्पेक्टरने प्रकाशकाला फोन लावला. पुस्तक आठवड्यापूर्वीच पोचलं होतं, टाइप करून. लेखक म्हणून नाव होतं सहायकाचं.

त्याने ती प्रत मागवली आणि दोन दिवस वाचली. मग सहायकाला समोर बसवलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी. मास्तरांनी फक्त चित्रं काढली.”

“बाकी सगळं तुमचं?”

“शब्द न् शब्द.”

“आणि पायरी?”

“सांगितलं ना, भुंगेऱ्यांनी खाल्ली.”

इन्स्पेक्टरने एक पान उघडून पुढे सरकवलं.

“मग हे वाचा. मादी अंडी घालते ती सालीलगतच्या फिकट लाकडात, कारण अळीला लागणारं पिष्ट तिथेच असतं. आतल्या काळ्या गाभ्याला ही जात तोंड लावत नाही. ती पायरी सगळी गाभ्याची आहे. अळी वाकडीतिकडी वाट काढते, मागे पिठासारखी भुकटी ठेवते. इथे भुकटीचा कण नाही, आणि भोकं सरळ, एका मापाची. ती गिरमिटाची आहेत. चढणाऱ्याला दिसू नयेत म्हणून खालून पाडलेली, आणि भुसा झाडून नेलेला. ज्याने हे पुस्तक लिहिलं, त्याने त्या पायरीचं खापर भुंगेऱ्यांवर फोडणं शक्य नाही. तुम्ही ते लिहिलं नाहीत. नीट वाचलंसुद्धा नाहीत.”

सहायकाने पान परत सरकवलं. मग बोलू लागला तो कडू तोंडानेच. वीस वर्षं किड्यांना टाचण्या टोचल्या, चिठ्ठ्या डकवल्या, आणि नाव झालं ते म्हाताऱ्याचं. पुस्तक आपल्या नावाने धाडलं, हे म्हाताऱ्याला प्रकाशकाकडून कळलं असतं, तर उरलीसुरली नोकरीही गेली असती. सहायकाच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत हस्तलिखित सापडलं. सोबत गिरमीट, खाचांत काळसर भुसा अडकलेलं.

मुलगी हस्तलिखिताची फाइल न्यायला आली. इन्स्पेक्टरने ती तिला दाखवली. पण हातात दिली नाही. तो पुरावा होता, त्यावर लाखेची मोहोर बसली होती.

“खटला संपेपर्यंत छापता येणार नाही,” तो म्हणाला.

“किती दिवस?”

दिवसांत मोजण्यासारखं ते नव्हतं. त्याने फाइल कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.