अकरा दुखरे कान

ऊर्मिला खैरनारने त्या सोमवारी सकाळी नववा कान तपासला आणि त्यातही काही सापडलं नाही. पडदा स्वच्छ, नळी कोरडी, सूज नाही, बुरशी नाही. कानाची मालकीण मात्र दात आवळून बसलेली.

"नेमकं कुठे दुखतं, बोट ठेवून दाखवा बरं."

यमुना आव्हाडने बोट कानामागे नेलं, मग कानापुढे आणलं आणि शेवटी हात मांडीवर ठेवून दिला. "तिथवर बोट पोचत नाही, मॅडम. पार आत हाय ते. कोणीतरी सुतळी ओढून धरल्यासारखं."

आधीच्या आठ जणांनीही थोड्याफार फरकानं हेच सांगितलं होतं. ऊर्मिलेला आता रोगापेक्षा या एकमताचीच शंका यायला लागली.

सिन्नरच्या पलीकडे, माळावर 'गगनवेध' कंपनीचं चाचणीदालन होतं. विमानांची झोतयंत्रं, म्हणजे जेट इंजिनं, तिथे लोखंडी चौकटीत जखडून तासन् तास पूर्ण ताकदीनं चालवली जात. उघड्या कानांनी कोणी त्या दालनात शिरला तर काही मिनिटांत बहिरा व्हायचा. म्हणून दालनातल्या साठही कामगारांना कर्णकवच सक्तीचं होतं. प्रत्येकाच्या कानाच्या मापाची मऊ टोपी ज्याची त्याची, आणि तिच्यावर बसवायची रुपयाएवढी यांत्रिक चकती मात्र सामाईक फळीवरून उचलायची, पाळी संपली की परत ठेवायची. आवाज अडवण्यात या कवचाचा हात धरणारं दुसरं काही बाजारात नव्हतं. तरीही साठपैकी अडतीस जण कानाची तक्रार घेऊन उभे राहिले, तेव्हा कंपनीनं नाशिकहून श्रवणतज्ज्ञ बोलावली.

पहिल्या दोन आठवड्यांत ऊर्मिलेनं नेहमीचे चोर पकडले. कोणाची टोपी घट्ट होती, कोणाची सैल. घाम आत अडकून खाज सुटत होती. काही जण कवच हिसका देऊन उपटत, त्यानं पडदा ओढला जाई. त्यांना हळूहळू फिरवून काढायला शिकवलं. आणि मग तेल. निम्म्या लोकांच्या डब्याच्या पिशवीत लसूण कढवलेल्या तेलाची बाटली असे. कान ठणकला की दोन थेंब सोडायचे, वर कापसाचा बोळा. घरोघरचा उपाय, पण त्यानं टोपी घसरते, असं तिनं बजावलं आणि तेलबंदीची सूचना फळ्यावर लावली. अडतीसपैकी सत्तावीस कान ठीक झाले.

उरले अकरा. त्यांना ना माप लागू पडलं, ना औषध.

सुरक्षाप्रमुख परचुरे मात्र खुशीत होते. कर्णकवचाची रचना त्यांचीच. "अकरा म्हणजे फारच थोडे," ते तिला चहा देत म्हणाले. "नावं तेवढी मला द्या, डॉक्टर. गुरुवारपर्यंत. त्यांच्या उपचाराची खास सोय करायची आहे."

"कारण सापडल्याशिवाय उपचार कसला?"

"ते बघू. नावं आधी."

कंपनीला कामगारांच्या कानांची एवढी कळकळ ऊर्मिलेनं वीस वर्षांच्या व्यवसायात पाहिली नव्हती. तिनं विषय बदलल्यासारखं केलं. "तुमचं हे कवच चालतं कसं, ते मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही."

परचुरे खुलले. "जुन्या बोळ्यांनी आवाज थांबायचा, पण माणसाचं बोलणंही थांबायचं. मग लोक बोलण्यासाठी बोळा काढायचे आणि तिथेच कान जायचा. आमच्या कवचाला वाणीद्वार आहे. तुम्ही बोलायला लागलात की ते आपोआप उघडतं आणि तुमचा आवाज दालनातल्या सगळ्यांच्या कानात पोचतो. बटण नाही, काही नाही."

"मी बोलणार आहे, हे त्याला कळतं कसं?"

"कानाच्या पडद्यामागे काय असतं, हे तुम्हालाच विचारतो."

वर्गात उभं केल्यासारखा प्रश्न तिला मुळीच आवडला नाही. तरी तिनं उत्तर दिलं. "तीन हाडं आणि दोन इवलेसे स्नायू. त्यातला एक आपण बोलण्याच्या किंचित आधीच आकसतो. आपल्याच आवाजानं आपल्याला कानठळ्या बसू नयेत म्हणून."

"तेच. तो आकसला की पडदा ताठरतो. कवच एक सूर सतत पडद्यावर सोडत असतं, तुम्हाला ऐकू न येणारा. तो परत कसा येतो, हे मोजतं. पडदा ताठ झाला की सूर वेगळा परततो. म्हणजे तुम्ही तोंड उघडण्याआधीच कवचाला कळलेलं असतं."

"आणि शब्द तोंडाशी आला, पण मी बोललेच नाही, तर?"

परचुरे चहा ढवळायला लागले. साखर केव्हाच विरघळली होती. "स्नायू आकसायचा तो आकसतोच. द्वार उघडतं, आवाज येत नाही, बंद होतं. त्याला आम्ही 'अनुच्चार' म्हणतो. तांत्रिक बाब आहे."

"म्हणजे गिळलेला शब्द."

"तसं म्हणा हवं तर. पण नोंदी सगळ्या निनावी असतात. चकत्या सामाईक आहेत, कोणी कुठली उचलली हे आम्हाला कळत नाही. कामगार संघटनेशी तसा करारच आहे."

तिनं नावांबद्दल विचारलंच नव्हतं. न विचारता दिलेलं उत्तर तिला खटकलं. निघताना तिनं सहज विचारलं, "तेल बंद करा, असं तुमच्या पहिल्याच पत्रात होतं. मी तपासायच्या आधी. का हो?"

"तेलानं सूर विस्कटतो," परचुरे म्हणाले, आणि मग घाईनं पुढे जोडलं, "म्हणजे कवच नीट बसत नाही."

दुपारी तिनं यमुनाताईंना पुन्हा बोलावलं, तेही दवाखान्याच्या खोलीत नव्हे, बाहेर पाण्याच्या टाकीपाशी. यमुनाताई चौदा वर्षं दालनात जोडणीचं काम करत होत्या. दालनातल्या बायांत सगळ्यात जुन्या त्याच.

"कान यंत्र सुरू असताना दुखतो का?"

"नाही मॅडम. तवा कामात असतो आपण." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "सोमवारी दुखतो. सभेला."

सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी दालनात सुरक्षासभा व्हायची. यंत्र बंद असायचं. तरीही कवच घालूनच बसायचं, असा फेब्रुवारीपासून नियम होता.

"सभेत काय असतं?"

"परचुरे साहेब अहवाल वाचतात. दत्तूचा."

दत्तू सांगळेचं नाव ऊर्मिलेनं वर्तमानपत्रात वाचलं होतं. नऊ जानेवारीला चालू झोतयंत्राजवळ गेला, पातं तुटून उडालं, जागीच ठार झाला. स्वतःच्या मर्जीनं, कोणाचा हुकूम नसताना तिथे गेला, असं कंपनीनं जाहीर केलं होतं. खाली दालनातल्या सगळ्या कामगारांच्या सह्या होत्या. त्या दिवसाची दालनातली ध्वनिनोंद नेमकी खराब निघाली होती. शुक्रवारी सरकारी चौकशी समिती येणार होती.

"यमुनाताई, दत्तूला कोणी पाठवलं होतं का?"

त्यांचे ओठ हलले, घशात काहीतरी खाली गेलं, आणि हात आपसूक कानावर गेला. ऊर्मिलेनं ते पाहिलं आणि तिला कारण सापडलं. पायात गोळा येतो तसाच प्रकार. इवलासा स्नायू, दर सोमवारी अर्धा तास शब्दामागून शब्दासाठी ताठ होत होता, आणि शब्द काही बाहेर पडत नव्हता. अकरा जणांचे कान आजारी नव्हतेच. ते मूग गिळून बसले होते, आणि त्याचा ताण कानावर येत होता.

"माझं नाव साहेबाला देऊ नका," यमुनाताई हळूच म्हणाल्या. "मार्चमधे दोघं जण नुसतं कुजबुजले, तर त्यांना रातोरात आसामच्या केंद्रावर धाडलं. प्रशिक्षण म्हणे. मला शुक्रवारी हितं ऱ्हायचंय. समितीपुढं एकदा सांगून टाकीन, मग काय व्हायचं ते होवो. दत्तू माझ्या हाताखाली शिकला, मॅडम."

ऊर्मिलेला आता सगळं उमगलं. परचुऱ्यांकडे अनुच्चारांचा हिशोब होता, पण नावं नव्हती. नावं तिच्या वहीत होती. त्यांनी तिला कान बरे करायला बोलावलंच नव्हतं. कोणाचे कान दुखतात एवढंच त्यांना हवं होतं. आणि तेल बंद करून सूर स्वच्छ करण्याचं काम तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीनं करून दिलं होतं. स्वतःचा इतका राग तिला पूर्वी कधी आला नव्हता.

गुरुवारी ती दोन ओळींचा अहवाल घेऊन गेली. सर्व कामगार तपासले. कोणालाही विशेष उपचाराची गरज नाही.

"आणि अकरा जण?"

"बरे झाले."

"सगळे?"

"सगळे."

परचुरे चिडतील, धमकावतील, याची तयारी तिनं वाटेत केली होती. उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण ते नुसतं "उत्तम" म्हणाले आणि कागदावर शिक्का मारला. इतकं सहज सुटल्याचं तिला बरं वाटलं नाही. मांजर दुधाकडे पाठ करून बसलं की घरातली बाई जशी सावध होते, तशी ती सावध झाली.

"एकच औपचारिकता," परचुरे म्हणाले. "शेवटची चाचणी चालू आहे. चला, दालनात एक फेरी मारू, म्हणजे पाहणी झाली असं लिहिता येईल." त्यांनी खिशातून एक चकती काढून तिच्या हातात ठेवली. टोपीही तिच्या मापाची होती. पहिल्याच दिवशी पाहुण्यांचं म्हणून माप घेतलं होतं, हे तिला आठवलं.

पाळी सुटून रिकाम्या झालेल्या दालनात झोतयंत्र धडधडत होतं, पायाखालची फरशी थरथरत होती, पण कानात कापसासारखी शांतता होती. त्या शांततेत परचुऱ्यांचा आवाज अगदी जवळून आला. त्यांच्या हातात हजेरीपट होता.

"साठही नावं वाचतो. तुम्ही काही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. तपासायचं कोणी राहिलं असेल तर शेवटी सांगा."

ते सावकाश वाचत गेले. प्रत्येक नावानंतर दोन-तीन श्वास थांबत. ऊर्मिलेनं चेहरा दगडासारखा ठेवला. परचुरे तिचा चेहरा वाचायला बघणार, हे तिनं ओळखलं होतं. पण नवल म्हणजे त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर कागदावरच होती. 'आव्हाड, यमुना' असं त्यांनी वाचलं तेव्हा 'हिला सोडा' हे शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले. तिनं ते गिळले. तिनं हूं की चूं केलं नाही. पुढेही दहा वेळा नाही. साठ नावं संपली.

"कोणी राहिलं?"

"नाही."

"आभारी आहे, डॉक्टर."

बाहेर पडताना ती चकती फळीवर ठेवायला वळली, तर परचुऱ्यांनी हात पुढे केला. "ही इकडे द्या." त्यांनी ती हातरुमालात गुंडाळून खिशात घातली.

फाटकापर्यंत चालत येईतो ऊर्मिलेला हलकं वाटत होतं. माणसानं तोंड बंद ठेवलं तर जगातलं कुठलंही यंत्र त्याच्याकडून काही काढून घेऊ शकत नाही, असं ती स्वतःला सांगत होती. गाडीचं दार उघडताना तिचा उजवा कान ठणकला. बोट पोचणार नाही इतक्या आत. कोणीतरी सुतळी ओढून धरल्यासारखा.

तिला परचुऱ्यांनी खिशात घातलेली चकती आठवली.

फळीवरच्या साठ चकत्या निनावी होत्या. परचुऱ्यांच्या खिशातली एकसष्टावी निनावी नव्हती. तिच्यात साठ नावं होती, साठ शांतता होत्या, आणि त्यातल्या नेमक्या अकरा शांततांमध्ये ऊर्मिला खैरनारचा पडदा ताठ झालेला होता.

फाटकाबाहेर पाळी सुटलेली माणसं टपरीपाशी उभी होती. यमुनाताई तिला पाहून पुढे आल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, यादी मागितली असंल ना? माझं नाव नाही ना सांगितलं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. एका अर्थानं ते खरंही होतं. ऊर्मिलेच्या तोंडाशी दुसरंच काही आलं होतं, आणि आज तिनं पुरेसं गिळलं होतं.

"सांगितलं, यमुनाताई. तोंडानं नाही, कानानं सांगितलं. अकराही नावं गेली." तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं. "संध्याकाळच्या आत तुमचे बदलीचे हुकूम निघतील. चूक माझी आहे."

 यमुनाताईंना राग आला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. मग त्यांनी टपरीकडे वळून कोणाला तरी हातानं बोलावलं, आणि एकामागून एक दहा माणसं त्यांच्यामागे येऊन उभी राहिली.

"समितीचे साहेब सकाळीच सिन्नरच्या विश्रामगृहावर उतरलेत म्हणे," त्या म्हणाल्या. "उद्याची वाट कशाला बघायची? तुमच्या गाडीत किती मावतील?"

"चार. दाटीवाटीनं पाच."

"मग तीन फेऱ्या मारा, मॅडम. आणि पहिल्या फेरीला तुम्ही पण समितीपुढं या. पयलं तुम्हीच बोलायचं."