सहीला नकार

नेवाशाच्या त्या दुकानात कोरी खातेवही एकच उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा, दुसरा गहिनीनाथांचा... त्यांनी हात मागे घेतला आणि मी उगाचच लाजले. एकाहत्तर सालचा जुलै होता.

ते नगरला एका ऑडिटरकडे कामाला होते. माझे वडील रंभाजी, म्हणजे आमचे दादा, गावच्या घोंगडी सोसायटीचे सेक्रेटरी. मोतीबिंदूमुळे त्यांचा वर्षभराचा हिशोब लिहायचाच राहिला होता. हे कळल्यावर गहिनीनाथ तीन रविवार नेवाशापर्यंत एस.टी.नं आणि पुढं सायकल मारत आले. मी पावत्या वाचायची, ते लिहायचे.

"आमच्यावर एवढा इस्वास?" मी एकदा विचारलं.

"ही नुसती मांडणी. तुम्ही सांगाल ते लिहायचं. विश्वासाचा प्रश्नच नाही."

"मग मघापासून इतकं काय इचारताय?"

"ते... नजर टाकणं झालं. प्रश्न विचारायचे, उत्तर पटतंय का बघायचं."

"अन् ऑडिट?"

"कोठीत जाऊन एकेक घोंगडी मोजायची. मगच सही." एवढं बोलून ते माझ्याकडेच बघत राहिले. मी त्यांच्या प्रेमात पडले ती तिथंच, लपवायचं कशाला?

भाद्रपदात सोसायटीचं ऑडिट नेमकं त्यांच्याच कचेरीकडे आलं. सही झाली तरच विणकरांना सरकारी लोकर मिळणार होती. दादा खूश झाले. पण गहिनीनाथ दारातूनच म्हणाले, "ही वही मी लिहिलीय. मीच कशी तपासू? दुसरे साहेब येतील."

"आमी चोर हाय व्हय?" दादा म्हणाले. त्या दिवसापासून घरात गहिनीनाथांचं नाव निघेना, आणि राग आला असूनही मला दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या साहेबांनी दोन दिवस मोजणी केली. तीन घोंगड्या कमी भरल्या. विणकराच्या लेकीच्या लग्नात कोठीतली एक घोंगडी द्यायची ही आमची रीत. लेकीला दिलेल्याची चिठ्ठी कधी कुणी लिहिलीच नव्हती. दादांनी पदरचे पैसे भरले, तेव्हा सही मिळाली.

आठवड्यानं गहिनीनाथ आले आणि अंगणातच थांबले. मी विचारलं, "तुमी मोजल्या असत्या तर?"

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"तीन घोंगड्या जास्त लिहिल्या असत्या मी... तुझ्यासाठी. जीव जडलाय तुझ्यावर. म्हणूनच नाही म्हटलं."

माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांचा राग कुठं गेला, कळलंच नाही.

आतून सगळं ऐकत असलेल्या दादांचा आवाज आला, "मुक्ते, पाव्हण्याला आत घे. किती येळ उन्हात उभं करशील?"