दोन माणसांची गाडी

मुरबाडच्या मांडवाबाहेर हिरवी गाडी झेंडूच्या माळा लेवून उभी होती, नवरा-नवरी निघायला तयार होती, नवरीची आई पदराने डोळे टिपत होती... आणि नेमकं तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आलं, की या गाडीत जागा आहे दोनच माणसांची!

लग्न ठरल्यापासून सापगावच्या त्या घरात गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. प्रशांतची नवरी आणायची तर याच गाडीतून, आणि चालवणार थोरला भाऊ बुद्धभूषण, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. माळा ओवल्या गेल्या, चाकांच्या तारा चकचकीत झाल्या, टाकी भरली. पण बसणारे किती आणि जागा किती, एवढं साधं गणित घरातल्या एकाही शहाण्याने मांडलं नाही. दादा चालवायला बसला की शेजारी एकच माणूस. तिथे नवऱ्याला बसवावं तर नवरी मांडवातच राहणार. नवरीला बसवावं तर... ज्याच्यासमोर पदर सावरून बाजूला व्हायचं, त्या थोरल्या दिराच्या मांडीला मांडी लावून नवी सून सासरी जाणार? मांडवात खसखस पिकली.

"काय रे, सापगावला मानसं मोजायची पद्धत नाय काय?" नवरीच्या मामाने मोठ्याने विचारलं.

बुद्धभूषण स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. प्रशांत खाली मान घालून उभा होता, आणि नवरी, श्वेता, रडावं की हसावं या विचारात. बुद्धभूषणच्या बायकोला, चंद्रकलेला, नवऱ्याचा तो चेहरा बघवेना. चारचौघांत त्याचं हसं व्हावं, तेही या गाडीपायी... तिचं काळीज तुटलं. ती पुढे झाली.

"मोजलीत ना, मामा," ती म्हणाली. "बरोबर दोनच मोजलीत. नवरा आनि नवरी. गाडी नवऱ्यानंच चालवायची, कारन गाडी आमचा आहेर हाय. भावजी, चावी घ्या. गाडी तुमची."

मांडवात टाळ्या वाजल्या. बुद्धभूषण खाली उतरला, त्याने धाकट्याच्या हातात चावी दिली आणि हसलासुद्धा. ते हसू पाहून मात्र चंद्रकलेच्या लक्षात आलं, की आपण काय देऊन बसलो!

काय दिलं होतं तिने? ती गाडी म्हणजे त्या घराची किती वर्षांची मौज होती. तानसाच्या रस्त्याला एका पारशी साहेबाचा बंगला होता आणि सासरे बुधाजी तिथे माळी होते. साहेब कायमचे परदेशी निघाले, तेव्हा मागच्या छपरीत पडलेली जुनी विलायती एम.जी. मोटार त्यांनी कागदपत्रांसकट बुधाजींना देऊन टाकली. लांबुळकं नाक, पाठीवर जादा चाक आणि उलटी उघडणारी दारं. ब्याण्णव साली ती बैलगाडीला बांधून सापगावला आली, तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. धोंडाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पिल्लं निघेपर्यंत गाडीला कोणाला हात लावू दिला नाही.

मग सुरू झाले ते रविवार! बुद्धभूषण वाशिंदच्या कारखान्यात टर्नर, प्रशांत तेव्हा कॉलेजात. सहा दिवस कोण कुठे असे, पण रविवारी दोघे भाऊ सकाळपासून गाडीखाली. गाडीचा सांगाडा लाकडाचा, तो वाळवीने पोखरलेला; किन्हवलीच्या सुताराकडून सागाचा नवा करून घेतला. सुताराने आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या होत्या, त्यामुळे गाडीच्या दारालाही तो उंबरा बसवतो की काय अशी धोंडाबाईंना धास्ती. आपल्याकडचे पाने तिच्या नटांना बसत नसत, म्हणून दोघे भाऊ कुर्ल्याच्या भंगारात इंचांच्या मापाचे पाने धुंडत फिरले. चंद्रकलेने शिवणयंत्रावर सीटच्या खोळी शिवल्या, पितळी पट्ट्या चिंचेने घासल्या. इंजिनाला पेट्रोलात हवा मिसळणारे कार्बोरेटर दोन, आणि दोघांचा श्वास सारखा लागला पाहिजे. तो ऐकायला रबराची नळी एकाच्या तोंडाशी धरून दुसरं टोक कानाला लावायचं. बुद्धभूषणच्या कानात रविवारीही कारखान्यातलं लेथ यंत्र घुमे, म्हणून नळी चंद्रकलेच्या कानाला. ती डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "डावीकडचा जास्त वढतोय." मग हसत हसत दोघे भाऊ पुन्हा स्क्रू पिळत. चावी फिरवली की मागे पेट्रोलचा पंप टिकटिक करी, आणि ती टिकटिक थांबली की निघायला हरकत नाही असं समजायचं.

चंद्रकलेच्या पोटी मूल नव्हतं. त्या अंगणात, त्या दोघांच्या बडबडीत, तेलाने माखलेल्या चिंध्या धुताना मात्र तिला ते दुःख आठवत नसे. खरं सांगायचं तर ती सुखी होती.

गाडी रस्त्यावर यायच्या लायकीची झाली, ती प्रशांतच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. पण त्या दिवशीही चंद्रकला गाडीत बसली नाही. चालू गाडीत पहिल्यांदा बुधाजींना अंगणात फिरवलं, मग धोंडाबाईंना, मग शेजारणीला. दुसरी जागा रिकामी झाली की चंद्रकलाच कोणाला तरी पुढे ढकलायची, आणि स्वतः म्हणायची, "माजं काय, मी घरचीच हाय."

लग्नानंतर प्रशांतला मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली. बिऱ्हाड तिकडे गेलं, आणि आहेराची गाडीही तिकडेच गेली. बुद्धभूषणने पाने फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. तो बायकोला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे... रविवार आला की तो ओट्यावर बसून राही, आणि तिला घास गोड लागत नसे.

एकदा प्रशांत बुद्धपौर्णिमेला एसटीने आला. "दादा, गाडी हिकडं आनून ठेवू काय?" त्याने चाचरत विचारलं.

"आहेर कोन परत घेतं काय रे?" बुद्धभूषण तुटकपणे म्हणाला. "लोकं तोंडात शेन घालतील."

प्रशांतला वाटलं, दादाच्या मनात अढी आहे. दादाला वाटलं, याला गाडी नकोशी झाली म्हणून विचारतोय. त्या दिवसापासून भावाभावांतलं बोलणं 'जेवला काय' आणि 'निघतो' एवढ्यावर आलं. पुढे बुधाजी गेले, तेव्हा दोघांनी मिळून खांदा दिला, पण एकमेकांच्या गळ्यात पडून रडले नाहीत.

यातून वाट नव्हती असं नाही. आहेर परत करता येत नसला, तरी आहेर फेडता येतो. देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की घेणाऱ्याने तो वर काहीतरी ठेवून फेडायचा, ही तर रीतच. पण कार्य निघणार कुठून? मुरबाडला श्वेताच्या दोन मुलांची बारशी झाली. सापगावच्या घरात ना बारसं, ना लग्न... माझ्या रित्या ओटीने दोन भाऊ तोडले, असं म्हणत चंद्रकला कितीदा तरी पदरात तोंड खुपसून रडली. दैवाने द्यायचं नाही ते नाही, पण दिलेलं परत यायची वाटही बंद करावी?

सन दोन हजार सातमध्ये, भात झोडून झाल्यावर, एका शनिवारी श्वेता मुलांना घेऊन अचानक आली. पाठोपाठ मांडवाचे बांबू घेऊन दोन माणसं आली.

"हे काय गो?" चंद्रकला बावरली.

"ताई, उद्या तुमच्या लग्नाला पंचवीस वर्सं व्हतात. आईंनी तारीख सांगितली. आमी कार्य करनार."

"म्हातारपनी मांडव? लोकं हसतील."

"हसू देत," खाटेवरून धोंडाबाई म्हणाल्या. "तुज्या घरात कार्य नाय म्हनून रडतंस ना? मंग आता घाल मांडव आनि गप बस."

चंद्रकलेला सगळं एकदम उमगलं. तिने श्वेताला पोटाशी धरलं. दहा वर्षांत जावा-जावांत कधी हे बोलणं झालं नव्हतं. पण मुरबाडच्या मांडवात, त्या गाडीत, मान खाली घालून बसलेल्या नवरीने थोरल्या जावेचा उतरलेला चेहरा नीट पाहिला होता.

रविवारी वंदना झाली, पंचशील झालं, गावची माणसं जमली. बुद्धभूषण नव्या सदऱ्यात अवघडून बसला होता. आणि शहापूरच्या वळणावरून आवाज आला... त्याने मान वर केली. चंद्रकलेनेही.

"डावीकडचा जास्त वढतोय," दोघे एकदमच म्हणाले.

हिरवी गाडी मांडवाच्या तोंडाशी थांबली. कुठे ओरखडा नाही, कुठे गंज नाही. प्रशांतने तिला जिवापाड जपलं होतं. तो उतरला, भावासमोर आला, आणि चावी ओंजळीत धरून त्याच्या पायाशी बसला.

"दादा, आहेर हाय. नाय बोलू नको."

बुद्धभूषण त्याला दंडाला धरून उठवू लागला.

"फेडताना वर कायतरी ठेवावं लागतं," प्रशांत न उठता म्हणाला. "मी लई विचार केला. तुला काय देनार मी... माजे रविवार घे, दादा. दर रविवारी येईन. दिवसभर. पूर्वीसारखा."

तेव्हा बुद्धभूषण रडला! चावीकडे न बघता त्याने भावाला छातीशी ओढलं, आणि चारचौघांत, नव्या सदऱ्यावर, तो मोठा माणूस हमसून हमसून रडला. चंद्रकला बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की आपण नवऱ्याची गाडी देऊन टाकली. पण हा माणूस गाडीसाठी झुरलाच नव्हता. तो गाडीखाली शेजारी पडून बडबडणाऱ्या भावासाठी झुरत होता. तिच्या मनावरचं ओझं त्या एका क्षणात उतरलं.

डोळे पुसून बुद्धभूषण गाडीत बसला. पंप टिकटिकला आणि थांबला. सवयीने चंद्रकला मागे सरली.

"आई, तुमी बसा. नायतर श्वेता, तू..."

"मी बसलू तर मला बाहेर काढायला चार मानसं लागतील," धोंडाबाई म्हणाल्या.

बुद्धभूषणने आतून ते उलटं दार उघडलं. पंचवीस वर्षांत त्याने बायकोला माणसांत नावाने हाक मारली नव्हती. 'अगो' म्हटलं की काम भागत असे.

"चंद्रकला," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बस."

ती बसली. साडीचा घोळ आत ओढून श्वेताने दार लावलं. मांडवात पाहुणे होते, चुलीवर भाताचं आधण होतं, आणि आज पहिल्यांदा त्यातलं काहीच चंद्रकलेच्या डोक्यात नव्हतं.

"कुठं जायाचं गो?" गियर टाकत त्याने विचारलं.

"कुठंबी ने," ती म्हणाली. "फकस्त लवकर परत आनू नको."