सुकाणूवरचा माणूस

असल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतला मी होतो. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. पण हे माझ्या घरात घडलंय, आणि अजून थांबलेलं नाही, म्हणून लिहितोय.

तारीख १७ मे २०२४, शुक्रवार. वेळ दुपारी अडीच. गाव माण तालुक्यातलं, दहिवडीजवळ. नाव सांगत नाही. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. बाहेर नुसतं भाजून काढणारं ऊन होतं.

मी अनंत. कॉम्प्युटरवर जुन्या शिडाच्या जहाजांची चित्रं करतो. अशी की बघणाऱ्याला फोटो वाटावा. जहाज आधी फळी-फळी करून बांधायचं, शिडं चढवायची, लाटा उठवायच्या, ऊन कुठून येतं ते ठरवायचं, आणि मग मशीनला सोडून द्यायचं. चार-पाच तास लागतात. सुरुवातीला पडद्यावर नुसती रवाळ धूळ दिसते, मग चित्र हळूहळू निवळत जातं. त्याला रेंडर म्हणतात.

गावाला याची लय गंमत वाटते. प्यायला पाणी टँकरचं, आणि अंत्या माडीवर बसून समुद्र करतोय. खरा समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत.

घरात आम्ही दोघंच. मी आणि आई. आई म्हणजे माझी चुलती, धोंडुबाई. मला जन्म देणारी बाळंतपणातच गेली, वडील मुंबईला माथाडी होते, ते तिकडेच वारले. मला हिनं वाढवलं. म्हणून मी हिलाच आई म्हणतो.

तिचा नवरा म्हणजे माझा गुंडाकाका. मुंबईत मालाच्या बोटीवर कामाला लागला होता. १९९८ च्या जूनमध्ये ती बोट बुडाली. बाकीच्या चौघांचे देह मिळाले. काकाचा मिळाला नाही. तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि मी चार.

आईनं बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. बारा वर्षांनी रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, काकाचा सदरा घातला आणि ओढ्याच्या काठी त्याला अग्नी दिला. पुतळा केवढा करायचा, असा प्रश्न आला तेव्हा भावकीतले तात्याबा म्हणाले, पोरगं चुलत्याएवढं झालंय, त्याच्या मापानं करा. मी सोळा वर्षांचा होतो. त्यांनी मला जमिनीवर निजवून माप घेतलं.

त्या दिवसानंतर आईनं काकाचं नाव काढलं नाही. चौदा वर्षं.

आता मुद्द्यावर येतो.

पुण्याच्या एका प्रकाशनाकडून मराठ्यांच्या गलबतांवरच्या पुस्तकाचं काम आलं होतं. त्यांच्याकडच्या सईताई चित्रं बघायच्या. पहिलं जहाज बघून त्या म्हणाल्या, लाटा झकास, शिडं झकास, पण सुकाणूवरचा माणूस मेलेला वाटतो. खरंच होतं ते. तो बाहुला मी इंटरनेटवरून विकत घेतला होता, आणि चेहरा परदेशी होता.

मग मी ठरवलं, माणूस आपणच करायचा.

खरा माणूस कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा तर त्याला स्थिर उभं करून चहूबाजूंनी फोटो काढावे लागतात. मी धोतर नेसलो, अंगणात मुसळ आडवं धरून सुकाणू धरल्यासारखा उभा राहिलो, आणि आईच्या हातात मोबाइल दिला. ती माझ्याभोवती फिरत फोटो काढू लागली. एक फेरी गुडघ्याच्या उंचीवरून, एक छातीच्या, एक डोक्याच्या. मग उजेड बदलला म्हणून पुन्हा. अशा सात फेऱ्या झाल्या.

सातवी संपली तेव्हा ती थांबून हसली. "वडाला फिरत्यात तशी फिरवलीस की रं मला."

मीही हसलो.

शरीर माझं झालं. चेहरा मात्र माझा नको होता, लाजच वाटली असती. ट्रंकेत काकाचा एक जुना फोटो होता. तो मी आईला न विचारता घेतला आणि त्यावरून चेहरा बसवला. बसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. असं कधी होत नाही.

१७ मे ला सकाळी रेंडर लावला. अडीच वाजता चित्र निवळत आलं.

आणि खोलीत वास आला...

ओल्या सुंभाचा. मीठ लागलेल्या, कुजलेल्या सुंभाचा.

मग आवाज. करर्र... थांबून पुन्हा करर्र... लाकूड दोराला ओढ देतं तसा. माझ्या चित्राला आवाज नसतो. पंखा बंद केला, खिडकी लावली. आवाज चालूच. पडद्यावर चित्र शंभर टक्के झालं तेव्हा तो थांबला.

मागे आई उभी होती. कधी आली कळलं नाही.

मला वाटलं रडेल, शिव्या देईल. ती स्टूल ओढून बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग बोट लावून म्हणाली, "मान अशी न्हवती त्यांची. जरा डाव्या अंगाला असायची."

मी मान वळवली. मग भुवईवरचा व्रण सांगितला, तो केला. उजव्या हाताचं वाकडं बोट सांगितलं, तेही केलं. तीन दिवस ती माझ्या शेजारी बसून काकाबद्दल बोलत होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचाच अभिमान वाटला.

चित्र पुण्याला गेलं. सईताई म्हणाल्या, आता माणूस जिवंत झाला.

चौथ्या दिवशी पिंपातलं पाणी खारट लागलं.

टँकरवाल्याला बोललो. तो शपथा घेऊ लागला, सगळ्या आळीला एकाच टँकरचं पाणी दिलंय म्हणाला. शेजारी जाऊन पिऊन पाहिलं. गोड. आमच्याच पिंपात मीठ होतं. आई तेच पाणी घटाघटा पीत होती.

पुस्तकासाठी त्याच जहाजाचं दुसऱ्या बाजूनं एक चित्र हवं होतं. २४ मे ला लावलं. दुपारी बघितलं, तर लाटा होत्या, शिडं होती...

सुकाणूवर कोणी नव्हतं.

फाइल उघडली. माणूस फाइलमध्ये होता, जागच्या जागी. पुन्हा रेंडर केला. पुन्हा नाही. फळ्यांवर फक्त ओल होती. ती मी केलेली नव्हती.

तेवढ्यात जिना वाजला.

कोणी वर येत नव्हतं. खाली जात होतं.

मी दार उघडलं. माझ्या उंबऱ्यापासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर ओलं पाऊल होतं. त्या उन्हात सांडलेलं पाणी क्षणात वाळतं, ती पावलं वाळत नव्हती. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, मी एका पावलावर माझा पाय ठेवला.

तंतोतंत बसला.

खाली आई चुलीपुढे भाकरी थापत होती. दोन ताटं घेतली होती. दुसरं माझं असेल म्हणून मी बसायला गेलो, तर तिनं नुसता हात केला. थांब, असा. आणि रिकाम्या पाटाकडे बघून वाढू लागली.

त्याच दुपारी मी माणूस फाइलमधून काढून टाकला. जहाज काढलं. फोटो, कॉप्या, सगळं पुसलं. सईताईंना फोन केला की पहिलं चित्र छापू नका, चूक झालीय. त्या म्हणाल्या, अहो, तेच तर मुखपृष्ठ, छापूनसुद्धा झालं. परत कसं घेणार?

तात्याबांकडे गेलो. आता नव्वदीला आलेत. सगळं ऐकून घेतलं.

"एकदा त्येला तुज्या मापाचं अंग दिलं आन् जाळलं, तवा सुटला," ते म्हणाले. "तू परत तसंच अंग केलंस. पुतळ्याला आग लावता येती, बाबा. ह्याला कुठं लावायची?"



जूनमध्ये वटपौर्णिमा आली. सकाळी आई न्हाऊन बाहेर आली. कपाळावर कुंकू होतं. हातात दोऱ्याचं रीळ. बायका काय म्हणतील म्हणून मी आडवा गेलो, तर तिनं झटकन पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घालून बाजूला उभी राहिली.

मला लाजून.

जिनं मला न्हाऊ घातलं, जिच्या कुशीत मी दहा वर्षांचा होईपर्यंत झोपलो, ती माझ्यापुढे पदर सावरत होती.

तेव्हापासून ती मला अंत्या म्हणत नाही. नावच घेत नाही. साताऱ्याला डॉक्टरकडे नेलं. वयामुळे विसर पडतो म्हणाले, गोळ्या दिल्या. बाकी तिला सगळं आठवतं. शेळ्यांची नावं आठवतात. माझ्या शाळेच्या मास्तरांचं नावही आठवतं.

माझ्या तोंडाची खारट चव आता जात नाही. उजव्या हाताचं बोट सकाळी आखडलेलं असतं, सरळ करावं लागतं.

पुण्याहून पुस्तकाचं पार्सल आलंय. कोनाड्यात पडून आहे. मुखपृष्ठावर सुकाणू धरून आता कोण उभं आहे, ते बघायचं धाडस मला होत नाही.

काल सकाळी आईनं भाकरी वाढली. पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाली, "आवं, येक इचारू? आपला अंत्या लय दिस झालं घरात दिसत न्हाई."

मी म्हणालो, आई, मीच अंत्या.

तिला ऐकूच गेलं नाही. ती दाराकडे बघत होती, काळजीनं.

"पोरगं समुद्राकडं तर गेलं नसंल?"