चौथ्यांदा ती गेली नाही

क्योतोतल्या त्या उडोन नूडल्सच्या दुकानात एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर एक ओली छत्री बसली होती.

"या बाईंचं जेवण झालंय का?" मी शेजारच्याला विचारलं.

तो गडबडून उठला... छत्री उचलता उचलता स्वतःचाच रस्सा सांडला. नाव तोमोया. व्हिडिओ गेमच्या कथा लिहायचा.

"म्हणजे सिनेमातलं उचलायचं नि त्याला बटणं लावायची?" मी म्हटलं. मी टीव्ही मालिका लिहिते.

"आणि तुम्ही एकाच बाईची स्मृती किती वेळा घालवता?"

दर गुरुवारी भेटू लागलो. 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजायचाच — मिझुहो! त्याच्या नायिकेला आवाज देणारी.

"तिचा नुसता श्वाससुद्धा बोलतो गं, कानाए," तो एकदा म्हणाला. माझ्या अंगाची आग आग झाली.

त्याने नवा गेम खेळायला दिला, तो मी केवळ मिझुहोच्या आवाजातल्या चुका काढायला लावला. धक्क्यावर एक मुलगी उभी. तिच्या प्रश्नांना मी भराभर उत्तरं निवडली. ती होडीत बसून निघून गेली. तीनदा असंच. चौथ्यांदा चिडून मी हातातला कंट्रोलर खाली ठेवला आणि तिच्याकडे नुसती बघत बसले.

होडी सुटली. ती मात्र माझ्याकडे वळली.

"अजून इथेच? बाकी सगळे एव्हाना जातात..."

माझे डोळे भरून आले. टीव्हीसमोर माणूस बसतोच. त्याच्या बसण्याला कुठलं पात्र कधी उत्तर देतं?

गुरुवारी मी जाताच म्हटलं, "मी जळतेय."

"मिझुहोवर?" तो खुलला.

"तिच्यावर होतेच. आता तुझ्यावरही. हे मला का नाही सुचलं?"

"मलाही सुचलं नव्हतं. तू दर गुरुवारी उशिरा येतेस. इथे बसून बसून सुचलं." तो वाडग्यात बघत राहिला. "मिझुहोला हे सांगितलं, तेव्हापासून ती फोन करकरून विचारते — तिला बोललास का?"

"मग... बोललास का?"

त्याचे कान लाल झाले. "कानाए, मला तू आवडतेस."

लेखिका म्हणून मला ते वाक्य फारच साधं वाटलं. तरी मी ते त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.