सतरा नंबरचा बिल्ला

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या गळी उतरवायला बसलेलो नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत.

आणि आधीच सांगतो, यात काळोखी रात्र नाही, वादळ नाही, ओसाड बंगलाही नाही. भर दुपार होती. शनिवार, ११ जुलै १९५९. बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

गावाचं नाव सांगत नाही, या गोष्टीतल्या काही जणांची मुलं अजून तिथंच राहतात. नॉर्वेच्या दक्षिणेला, समुद्राकाठी, एवढं पुरे.

मामाचं नाव तोरग्रिम. वय चोवीस. नोकरी तेलाच्या कारखान्यात. व्हेलचं पातळ तेल घट्ट करायचं आणि मार्गारिन, म्हणजे कृत्रिम लोणी, बनवणाऱ्यांना विकायचं, हा तिथला धंदा. उंच टाकीत तेल, त्यात निकेलची काळी भुकटी, वरून हायड्रोजन. तेल लोण्यासारखं होतं. निकेल मात्र जसं आत जातं तसंच बाहेर येतं, पुन्हा वापरायला तयार.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत सिग्ने नावाची बाई होती. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी एक गंमत दाखवायची. ओल्या निकेलची चिमूट गाळणकागदावर ठेवायची आणि गप्प उभी राहायची. दोन मिनिटांत भुकटी वाळायची... आणि कागद आपोआप पेट घ्यायचा. काडी नाही, ठिणगी नाही.

"बघितलंस? ओलं आहे तोवर गरीब गाय," ती म्हणायची. "वाळलं की हवा पितं. बंद टाकीत सगळी हवा त्यानं प्यायली, तर तू काय पिणार?"

सगळे हसायचे. मामाही हसला होता.

तर त्या शनिवारपासून तीन आठवडे सगळ्या देशाला सुट्टी. कारखान्याला कुलूप. झाडून सगळे आपापल्या बेटांवर, लाकडी घरांकडे निघालेले. फक्त चार नंबरची टाकी धुवायची राहिली होती. मामानं ते काम घेतलं. चारच्या बोटीनं त्याला बेटावर जायचं होतं. मामी, म्हणजे आसलाउग, सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन धक्क्यावर येणार होती.

मामा आत उतरणार. वर तोंडापाशी पहाऱ्याला हाल्वर.

हाल्वर अठ्ठावन्न वर्षांचा. कारखान्यात त्याची टिंगल व्हायची, कारण तो कॉफी प्यायचा नाही. आमच्याकडं कॉफी न पिणारा माणूस म्हणजे नवलच. आणि पहाऱ्याला बसला की जागचा हलायचा नाही. लघवीलासुद्धा नाही.

"म्हाताऱ्या, आज तरी घोटभर घे की. सुट्टी लागलीय," मामा म्हणाला.

"तू उतर खाली. तोंड चालवू नको."

"एवढं काय वाकडं आहे तुझं कॉफीशी?"

हाल्वर म्हणाला, "अकरा वर्षांपूर्वी एडविन होता याच टाकीत. मी वर होतो. म्हटलं, कपभर कॉफी पिऊन येतो. तेवढाच वेळ गेलो."

मामानं हातातला दिवा खाली ठेवला.

"परत आलो तर तो गेला होता. आत भिंतीवर खुणाच खुणा. ठोकत होता बिचारा. उत्तर द्यायला कोणी नव्हतं." हाल्वरनं तोंड फिरवलं. "त्याचा सतरा नंबरचा बिल्ला मी माझ्या हातानं बोटीतून खोल पाण्यात टाकला. तो नंबर परत कुणाला दिला नाही. आता उतर."

पद्धत साधी होती. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला तोंडाजवळच्या खिळ्याला अडकवायचा. खिळ्याला जेवढे बिल्ले, तेवढी माणसं आत. आतल्यानं पाच-पाच मिनिटांनी भिंतीवर दोनदा ठोकायचं. बाहेरच्यानं दोनदा उत्तर द्यायचं. आधी आतला, मग बाहेरचा.

आणि ज्यानं उत्तर दिलं, त्यानं जागा सोडायची नाही.

मामानं आपला एकतीस नंबरचा बिल्ला अडकवला आणि दोराच्या शिडीनं खाली उतरला. सोबत दिवा, पितळी खरवडणी, अर्धी बादली पाणी. भिंती तेलानं बुळबुळीत. वर, दोन पुरुष उंचीवर, उजेडाचा गोल. तळाला वीतभर काळा, ओला निकेलचा गाळ.

ठक ठक.

वरून उत्तर. ठक ठक.

"एकतीस नंबर, झोपलास काय?" हाल्वर ओरडला.

"तुझ्या नावानं बोटं मोडतोय."

असं तासभर चाललं. मग हाल्वर बोलायचा थांबला. मामाला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारा दमला असेल.

एक वाजून गेला असेल...

अचानक शिडी धाडकन अंगावर कोसळली.

सगळीच्या सगळी. दोर, फळ्या, कड्या. मामाच्या पायाशी ढीग.

"हाल्वर! डोकं फिरलं का तुझं?"

उत्तर नाही.

उजेडाच्या गोलात डोकं दिसेना. सावलीही नाही. मामानं भिंतीवर चढायचा प्रयत्न केला. दोनदा घसरून गाळात पडला.

मग त्यानं खरवडणी उचलली आणि ठोकलं. दोनदा.

थोडा वेळ काहीच नाही.

मग... ठक ठक.

मामाच्या जिवात जीव आला. म्हातारा आहे तर! मग त्यानं तीनदा ठोकलं. तीन म्हणजे मला बाहेर काढ.

उत्तर आलं, दोनच.

पुन्हा तीन. पुन्हा दोनच.

"मस्करी पुरे झाली," मामा ओरडला. "माझी बोट चुकेल."

आवाज टाकीतच घुमत राहिला. बाहेर कारखाना रिकामा. फाटकावरचा ओलुफ चारला कुलूप लावून जाणार, आणि मग तीन आठवडे कोणीही येणार नाही. हा विचार डोक्यात आला आणि मामाची पाचावर धारण बसली.

तेवढ्यात त्याला गाळाची कड दिसली.

काळी नव्हती. राखाडी झाली होती.

वाळत होती.

त्यानं ओंजळभर पाणी शिंपडलं. चर्र झालं. दुसऱ्या बाजूला चुलीतल्या निखाऱ्याएवढा लाल ठिपका दिसला. तिथंही शिंपडलं. टाकी उन्हानं तापलेली, घशाला कोरड पडलेली. पाणी तेवढंच, बादलीत चार बोटं. स्वतः प्यावं की गाळाला पाजावं?

त्यानं एक घोट घेतला. त्या एका घोटाची त्याला म्हातारपणीसुद्धा लाज वाटायची.

मग तो पुन्हा ठोकायला लागला. उत्तर येत होतं. पण आता त्याच्या ध्यानात आलं...

आवाज वरून येत नव्हता.

खालून येत होता. त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून. भिंतीच्या आतल्या बाजूनं.

मामानं ठोकणं बंद केलं. श्वाससुद्धा रोखला.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

ठक ठक.

त्यानं ठोकलं नव्हतं.

ठक ठक.

आतला आधी ठोकतो, बाहेरचा उत्तर देतो. हा पाठ त्याला झोपेतही म्हणता आला असता. आता समोरून कोणीतरी आधी ठोकत होतं... आणि त्याच्या उत्तराची वाट बघत होतं.

म्हणजे आत तो दुसराच होता. आणि पहाऱ्यावर मामा.

मामा सांगायचा, "भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाईट वाटलं रे. ते ठोकणं भराभर व्हायला लागलं. मग हळू. मग इतकं हळू की कान लावावा लागला. मला ऐकवेना."

त्यानं खरवडणी उचलली आणि उत्तर दिलं. दोनदा.

ठोकणं लगेच शांत झालं. पाच मिनिटांनी पुन्हा आलं, नीट, सावकाश. मामानं पुन्हा उत्तर दिलं.

असं कितीतरी वेळ. कुठं ठिपका दिसला की शिंपड, ठोकलं की उत्तर दे. आणि ऐका, हे मला आजही कळलेलं नाही... ती बादली कधीच रिकामी व्हायला हवी होती. पण दर वेळी हात घातला की तळाशी ओंजळभर पाणी होतंच.

लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. चार वाजले. बोट सुटली. मामा तिथं गाळात बसून लहान मुलासारखा रडला.

ठक ठक.

रडत रडत त्यानं उत्तर दिलं.

मामी मात्र बोटीत चढली नव्हती. नवरा आला नाही म्हणताना ती बाबागाडी ढकलत तडक फाटकावर गेली होती. ओलुफ कुलूप लावून चावी खिशात टाकत होता.

"कारखान्यात आता चिटपाखरू नाही, बाई."

"मग माझा नवरा काय उडून गेला? उघड."

ओलुफ कुरकुरत आत आला. थोड्या वेळानं उजेडाच्या गोलात त्याचं टक्कल दिसलं. मामा म्हणायचा, देवदूताचं डोकं असतं तर असंच असतं.

"तोरग्रिम! जिवंत आहेस ना? हाल्वर इथं पडलाय, त्याला झटका आलाय. थांब, शिडी आणतो." मग तो थबकला. "आत कितीजण आहात?"

"एकटाच."

"मग दोन बिल्ले कशाला?"

ओलुफचं डोकं खिळ्याकडं वळलं.

"एकतीस तुझा," ओलुफ म्हणाला. "हा सतरा कुणाचा?"

लाकडी शिडी खाली आली. मामानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला...

ठक ठक.

पायाजवळून. अगदी जवळून.

खरवडणी हातातच होती. दोनदा ठोकायला किती वेळ लागतो? एक क्षण. पण मामाच्या मनात आलं, आता उत्तर दिलं तर जागा सोडता येणार नाही.

त्यानं खरवडणी टाकली आणि चढत सुटला.

खालून ठोकणं चालूच होतं. भराभर. मग हळू.

हाल्वर टाकीच्या तोंडाशी आडवा पडला होता. पितळी पाना मुठीत. पडता पडता त्यानं शिडी धरली असावी, तीच सुटून आत गेली. डॉक्टर म्हणाले, लकवा एकच्या सुमारास आला. त्यानंतर हाताचं बोटही उचलणं शक्य नव्हतं.

खिळ्यावर खरंच दोन बिल्ले होते. सतरा नंबरचा मामीनं हातात घेतला. कोमट होता. नुकताच कुणाच्या तरी खिशातून काढल्यासारखा.

हाल्वर आणखी चार वर्षं जगला. वाचा गेली होती. एक हात तेवढा पुढं थोडा हलायला लागला. त्या हातानं तो पलंगाच्या लोखंडी कठड्यावर दोनदा टिचकी मारायचा आणि दाराकडं बघत राहायचा. नर्सना वाटायचं, पाणी हवंय. मामा दर रविवारी जाऊन उत्तर द्यायचा. एकदा त्यानं तो बिल्ला दाखवला. हाल्वरनं डोळे मिटून घेतले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत.

मामा पुन्हा कधी सुट्टीला बेटावर गेला नाही. मामी लेकीला घेऊन एकटी जायची. लोक म्हणायचे, तोरग्रिम चिक्कू आहे, बोटीचे पैसे वाचवतो. तो हसून घ्यायचा. पण स्वयंपाकघरात बसला असताना मध्येच बिल्ला टेबलावर दोनदा आपटायचा. लहानपणी आम्हाला तो त्याचा चाळा वाटायचा. कुणाला उत्तर देतोय, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

पुढं कारखाना बंद पडला. टाकी भंगारात गेली. गाळातलं निकेल वितळवायला गेलं. सिग्ने म्हातारी होऊन गेली तोवर. तिचं एक वाक्य मामा फार वेळा म्हणायचा, "निकेल संपत नाही. फक्त जागा बदलतं."

मामा यंदा मे महिन्यात गेला. एकोणनव्वद वर्षांचा होऊन. वृद्धाश्रमातल्या खोलीत, दुपारी तीनच्या सुमारास. सोबत मी एकटा होतो. ही सगळी हकीकत त्यानं मला त्याच आठवड्यात सांगितली आणि बिल्ला माझ्या हातात दिला. मला वाटलं, वयानं भ्रमिष्ट झालाय.

त्याचा हात माझ्या हातात गार पडला. मी नर्सला बोलवायला उठलो.

आणि खिडकीखाली भिंतीला खोली गरम ठेवायचे नळ आहेत. त्यांना चकचकीत निकेलची तोटी. मे महिना, नळ बंद...

ठक ठक.

मी जागीच उभा राहिलो.

ठक ठक.

मग भराभर. मग हळू. मग इतकं हळू, की...

मला ऐकवलं नाही हो. मी बिल्ला नळावर आपटला. दोनदा.

शांत झालं.

त्याला आता सहा आठवडे झाले. आमच्या घरी तसे नळ नाहीत, पण बेसिनला तोटी आहे, सुरीला मूठ आहे, दाराला कडी आहे. मी उत्तर देतो. अजून एकदाही चुकलेलो नाही.

शनिवारपासून सुट्टी लागतेय. बायकोनं बॅगा भरल्यात, मुलांनी मासे धरायचे गळ काढून ठेवलेत. बोट चारला सुटते.

मी येणार नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.